शंभर रुपयांचं तिकीट कुठे कुठे जातं: महाराष्ट्रातल्या रेसकोर्सचा परवाना, कर आणि बक्षिसाचा हिशोब कसा वाचावा

रेसकोर्सचा कारभार समजून घ्यायचा तर घोडा जरा बाजूला ठेवावा आणि टोटच्या, म्हणजे क्लब स्वतः चालवत असलेल्या सामायिक पैजेच्या, खिडकीवरचं तिकीट हातात घ्यावं. परवाना, कर, शर्यती भरवणाऱ्या क्लबचं कमिशन आणि घोड्याच्या मालकाच्या बक्षिसाचा पैसा या सगळ्या वाटा त्या कागदाच्या कपट्यातूनच जातात. सरकार शर्यतींना परवाना देतं, पैजेवर कर घेतं आणि जमीनही भाड्याने देतं. बक्षिसाचा मुख्य पैसा मात्र सरकारी तिजोरीतून येत नाही, तो पैजेतूनच उभा राहतो. हे लक्षात ठेवून पुढची कागदपत्रं चाळली तर ‘सरकार शर्यतींवर खर्च करतं’ आणि ‘क्लब सरकारला बुडवतो’ हे दोन्ही ओरडे किती पोकळ आहेत ते आकड्यांतच दिसतं.

कुठला कायदा कुठल्या कामाचा

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत, राज्य सूचीच्या ३४व्या नोंदीत ‘पैज आणि जुगार’ हा विषय राज्यांकडे आहे. म्हणून शर्यतींचे कायदे राज्यागणिक वेगळे. महाराष्ट्रात तीन जुने कायदे आणि एक नवा कर एवढं पाहावं लागतं.

पहिला १९१२चा रेसकोर्स परवाना कायदा. परवान्याशिवाय घोड्यांच्या शर्यती भरवता येत नाहीत आणि परवाना राज्य सरकार देतं. दुसरा १८८७चा जुगार प्रतिबंधक कायदा. यात पैज लावणं हा गुन्हा आहे, पण घोड्यांच्या शर्यतीला सूट आहे आणि ती सूट अटींवर आहे. पैज शर्यतीच्याच दिवशी लागली पाहिजे. परवानाधारकाने त्यासाठी राखलेल्या आवारात किंवा सरकारने मान्य केलेल्या दुसऱ्या जागेत लागली पाहिजे. आणि समोरचा पक्ष परवानाधारक किंवा त्याने अधिकृत केलेला माणूस हवा. यातली एक अट सुटली की तीच पैज, तोच घोडा, तेच शंभर रुपये जुगार ठरतात. चहाच्या टपरीवर फोनवरून घेतलेला भाव आणि स्टँडमधल्या बुकीने दिलेला भाव यांच्यात कायद्याच्या दृष्टीने फरक आहे तो एवढाच.

तिसरा १९२५चा बेटिंग टॅक्स कायदा. इथे नवखे लोक हमखास फसतात. टोट आणि बुकी यांच्यावरचा राज्याचा कर या कायद्याखाली होता, पण १ जुलै २०१७पासून पैजेवरचा कर जीएसटीत गेला. त्यासाठी १०१व्या घटनादुरुस्तीने राज्य सूचीच्या ६२व्या नोंदीतला ‘पैज आणि जुगार यांवरील कर’ हा भागच काढून टाकला. म्हणजे नियमनाचा अधिकार राज्याकडे राहिला, पण कराचा दर एकट्या राज्याच्या हातातून निसटून जीएसटी परिषदेकडे गेला. जुन्या लेखांतले बेटिंग टॅक्सचे दर आजच्या हिशोबात घेऊ नयेत.

शोधताना एक अडचण येते. या कायद्यांच्या नावात पूर्वी ‘मुंबई’ होतं, नंतर त्या जागी ‘महाराष्ट्र’ आलं. जुने निकाल आणि अधिसूचना पहिल्या नावाखाली सापडतात, नवे दुसऱ्या. दोन्ही नावांनी शोधावं.

‘शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, मग त्याला जुगाराचा कर कसा?’ हा प्रश्न हटकून निघतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९६मध्ये के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तमिळनाडू राज्य या खटल्यात घोड्यांची शर्यत प्रामुख्याने कौशल्याची असल्याचा निर्णय दिला, हे खरं. पण तो प्रश्न जुगाराच्या गुन्ह्याचा होता. जीएसटी कायद्यात २०२३च्या दुरुस्तीने पैज, कॅसिनो, जुगार, घोड्यांच्या शर्यती, लॉटरी आणि ऑनलाइन मनी गेमिंग यांची एकच करपात्र यादी केली आणि ती १ ऑक्टोबर २०२३पासून लागू झाली. त्या यादीत घोड्यांच्या शर्यतीचं नाव स्वतंत्रपणे घातलेलं असल्याने कौशल्य की नशीब हा वाद करापुरता निरर्थक ठरतो.

परवाना मिळवून तो कसा वाचायचा

महाराष्ट्रात शर्यतींचा परवानाधारक म्हणजे रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब. मुंबईचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल महालक्ष्मीला, पुण्याचा जुलै ते ऑक्टोबर कॅम्पातल्या रेसकोर्सवर. परवान्याची प्रत हवी असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज राज्य सरकारकडे करावा. क्लब ही कंपनी आहे, तिला माहिती अधिकार थेट लागू होतो असं धरून चालू नये. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो, प्रतींना पानामागे दोन रुपये. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द ही मर्यादा आहे. ‘परवाना, भाडेकरार, कर, सगळं द्या’ असा अर्ज केला की तो विषयाच्या मुद्द्यावर परत येतो. तीन विषय असतील तर तीन अर्ज करावेत.

परवाना हातात आला की या गोष्टी शोधाव्यात: मुदत किती, शुल्क किती, शर्यतींचे दिवस किती, टोट चालवण्याची मुभा कुठल्या जागांपुरती, दुसऱ्या शहरातल्या शर्यतींवर इथे पैज घेता येते का, हिशोब सरकारला किती दिवसांत द्यायचे आणि व्यवस्थापनात सरकारनियुक्त माणूस बसतो का. मुदत सर्वांत आधी पाहावी. परवाना आणि जमिनीचा भाडेपट्टा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक चालू असताना दुसरा संपलेला असू शकतो.

क्लबचे वार्षिक हिशोब कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शंभर रुपये भरून पाहता येतात. हे पान उघडल्यावर ‘टोटवरची एकूण उलाढाल’ आणि ‘टोटचं कमिशन’ या दोन ओळींत गल्लत करू नये. उलाढाल म्हणजे लोकांनी लावलेला सगळा पैसा, त्यातला मोठा हिस्सा जिंकणाऱ्यांना परत जातो. क्लबचं उत्पन्न म्हणजे कमिशन. ‘क्लबची कोट्यवधींची कमाई’ अशा बातम्यांत बहुतेक वेळा उलाढालच कमाई म्हणून छापलेली असते.

एका पूलचा हिशोब

आता पैसा. टोटमध्ये भाव आधी ठरलेला नसतो. सगळ्यांचा पैसा एका पूलमध्ये जमा होतो, क्लब आपलं कमिशन कापतो आणि उरलेला पैसा जिंकलेल्या तिकिटांत वाटला जातो. बुकीचं उलट असतं: तो भाव देतो, आणि घोडा लागला तर नुकसान त्याचं. बुकी क्लबला स्टँडचं शुल्क देतो आणि पैजेवरचा जीएसटी स्वतः भरतो.

विन पूलमध्ये, म्हणजे पहिला कुठला घोडा येईल यावरच्या पैजेत, १,००,००० रुपये जमले असं धरू. कमिशन सोयीसाठी २० टक्के घेऊ. पूलप्रमाणे ते बदलतं, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा त्या हंगामाच्या नियमांत पाहावा. उरले ८०,०००. जिंकलेल्या घोड्यावर एकूण १६,००० रुपये लागले होते. ८०,००० भागिले १६,००० म्हणजे ५. दहा रुपयांच्या तिकिटाला ५० रुपये. भागाकार सरळ आला नाही तर डिव्हिडंड, म्हणजे जिंकलेल्या तिकिटाला मिळणारी रक्कम, खाली गोल केला जातो आणि वरचे पैसे क्लबकडे राहतात. चिल्लर वाटते, पण हंगामभराच्या हिशोबात तिची स्वतंत्र ओळ असते.

यावर जीएसटी चढतो. २०१७पासून दर २८ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५पासून तो ४० टक्के आहे, त्यात निम्मा केंद्राचा आणि निम्मा राज्याचा. दरापेक्षाही कळीचा मुद्दा म्हणजे तो कशावर मोजला जातो. जीएसटी नियम ३१-अ प्रमाणे पैजेच्या पूर्ण दर्शनी रकमेवर, म्हणजे टोटमध्ये गेलेल्या शंभर टक्के पैशावर. कर्नाटक उच्च न्यायालयाने २ जून २०२१ रोजी बंगळूरच्या क्लबच्या याचिकेवर हा नियम रेस क्लबांपुरता रद्द ठरवला होता. क्लब फक्त कमिशन मिळवतो, पैजेचा पैसा तो विश्वस्त म्हणून सांभाळतो, असा त्यामागचा विचार. त्यानंतरच २०२३ची दुरुस्ती आली.

मोजण्याच्या या दोन पद्धतींत किती अंतर आहे ते त्याच पूलवर पाहू. क्लबचं कमिशन २०,००० रुपये. कमिशनवर ४० टक्के कर लावला तर सरकारला ८,००० मिळतील. दर्शनी रकमेवर ४० टक्के लावला तर ४०,०००, म्हणजे क्लबच्या सगळ्या कमिशनच्या दुप्पट. हा कर क्लब स्वतःच्या खिशातून देऊच शकत नाही, तो पैज लावणाऱ्याकडूनच येणार. म्हणजे एक लाखाचा पूल उभा राहायला लोकांनी खिडकीवर १,४०,००० मोजले आणि परत मिळाले ८०,०००. शंभरातले ५७ रुपये १४ पैसे.

एका शर्यतीपुरतं हे सहन होतं. पण रेसकोर्सवर तोच पैसा दिवसभर फिरतो: पहिल्या शर्यतीत जिंकलेलं दुसरीत लागतं, दुसरीतलं तिसरीत. सरासरी धरून १,००० रुपये चार शर्यतींत फिरवून पाहा. कर कमिशनवर असेल आणि तो क्लबने सोसला, तर परतावा ८० टक्के. पहिल्या शर्यतीनंतर ८००, मग ६४०, मग ५१२, चौथीनंतर ४१०. दर्शनी रकमेवरच्या ४० टक्क्यांत ५७१, मग ३२७, १८७ आणि चौथीनंतर १०७. खिसा लवकर रिकामा झाला की पुढच्या शर्यतींचा पूल बारीक होतो, पूल बारीक झाला की क्लबचं कमिशन घटतं आणि मग बक्षिसाची रक्कम. एवढ्यात टपरीवरचा बेकायदा बुकी कर न घेता तोच भाव देत असतो. त्याच्याकडून राज्याला काही नाही, क्लबलाही काही नाही. जास्त दराने जास्त महसूल येईल असं कागदावर वाटतं, पण पूलच आटला तर ४० टक्के कशाचे, हा प्रश्न उरतो.

हाँगकाँगने हे बदलून पाहिलं. २००६मध्ये तिथे शर्यतींवरचा कर उलाढालीवरून पैजेतून उरणाऱ्या नफ्यावर आणला गेला. दर ७२.५ ते ७५ टक्के, ऐकायला भयंकर. पण आपल्या उदाहरणातल्या २०,००० वर ७२.५ टक्के म्हणजे १४,५०० रुपये होतात, दर्शनी रकमेवरच्या ४०,०००च्या निम्म्याहूनही कमी. दर ऐकून मत बनवण्याआधी तो कशावर मोजलाय ते विचारावं, कारण इथे सगळा फरक तिथेच पडतो.

खिडकीवरचं दुसरं गणित: कर तिकिटाच्या किमतीवर चढवलाय की किमतीतच धरलाय? १०० वर चढवला तर १४० द्यावे लागतात आणि १०० पूलमध्ये जातात. १०० मध्येच धरला तर पूलमध्ये ७१ रुपये ४३ पैसे जातात आणि कर २८ रुपये ५७ पैसे. परत मिळणाऱ्या पैशाचं प्रमाण दोन्हीत तेच राहतं. पण डिव्हिडंडचे आकडे एका वर्षाशी दुसऱ्या वर्षाचे ताडून पाहताना ही पद्धत बदलली होती का ते आधी तपासावं.

वसूल झालेला जीएसटी केंद्र आणि राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीत जातो, शर्यतींसाठी वेगळा ठेवला जात नाही. ब्रिटनमध्ये उलट आहे. तिथे १९६१पासून लेव्ही बोर्ड आहे. बुकींना ब्रिटिश शर्यतींवरच्या ढोबळ नफ्याचा ५ लाख पौंडांपुढचा १० टक्के हिस्सा त्यात भरावा लागतो आणि तो पैसा बक्षिसं, घोड्यांवरचं पशुवैद्यकीय संशोधन अशा कामांसाठीच खर्च होतो. अमेरिकेत केंटकी राज्य वळूघोड्यांच्या स्टड फीवरच्या विक्रीकरातून घोडेपैदाशीला प्रोत्साहनाचा निधी उभारतं. आपल्याकडे अशी राखीव वाट नाही. म्हणून क्लबने ‘सरकारने आमच्यातून इतकं घेतलं’ म्हटलं तरी त्यातलं किती परत आलं हा रकाना कोराच असतो.

मैदानावरचं नियमन

सरकार परवान्यापाशी थांबतं. शर्यत कशी व्हावी हे क्लबचे नियम ठरवतात आणि स्ट्यूअर्ड ते राबवतात. यात पैज लावणाऱ्याने तीन ठिकाणी बारीक पाहावं.

पहिलं हँडिकॅप, म्हणजे चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादून शर्यत बरोबरीची करण्याची पद्धत. प्रत्येक घोड्याला रेटिंग असतं आणि एक गुण म्हणजे अर्धा किलो वजन. २० ते ४६ रेटिंगच्या वर्गात वरच्या आणि खालच्या घोड्यांत २६ गुणांचं, म्हणजे १३ किलोंचं अंतर पडतं. जिंकला की रेटिंग चढतं, हरत राहिला की उतरतं. त्यामुळे मुद्दाम हरवून रेटिंग खाली आणायचं आणि नंतर हलक्या वजनाने जिंकवायचं, हा मोह या पद्धतीतच आहे. स्ट्यूअर्डांची चौकशी बहुतेक वेळा इथूनच सुरू होते: घोडा मागच्या चार शर्यतींत कसा धावला आणि आज अचानक कसा उसळला.

दुसरं वजनकाटा. जॉकी शर्यतीआधी खोगिरासकट काट्यावर चढतो आणि शर्यतीनंतर पुन्हा. शिशाची पट्टी खोगिराखालून गळून पडली किंवा कमी घातली गेली तर जिंकलेला घोडाही बाद होतो. म्हणून निकाल अधिकृत जाहीर होईपर्यंत तिकीट फाडू नये. हरलेलं म्हणून खाली टाकलेलं तिकीट पाच मिनिटांत जिंकलेलं ठरल्याचे प्रसंग रेसकोर्सला नवे नाहीत, खाली वाकून शोधणारेही नाहीत.

तिसरं उत्तेजक तपासणी. जिंकलेल्या घोड्याचं आणि स्ट्यूअर्ड सांगतील त्यांचं मूत्र किंवा रक्त घेऊन दोन सीलबंद बाटल्यांत भरतात. पहिली दोषी निघाली तर मालक किंवा ट्रेनर दुसरी तपासायला सांगू शकतो. काही पदार्थ शून्य सहन केले जातात, काहींना आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे. शर्यतीआधी सोडाबायकार्ब पाजून घोड्याच्या स्नायूंतला आम्लाचा थकवा लांबवायचा प्रकार पकडण्यासाठी रक्तद्रवातल्या कार्बन डायऑक्साइडची मर्यादा लिटरमागे ३६ मिलिमोल आहे. सगळ्या केसेस बदमाशीच्या नसतात. कोकोच्या कोंड्यातून थिओब्रोमिन येतं, खसखशीची भेसळ झालेल्या चाऱ्यातून मॉर्फिन येतं. पण नियमात जबाबदारी ट्रेनरचीच. म्हणून शहाणा ट्रेनर चाऱ्याच्या प्रत्येक खेपेचा नमुना तारीख टाकून ठेवतो आणि मोतद्दाराला स्वतःच्या औषधाच्या गोळ्या तबेल्यात आणू देत नाही.

घोडा घेणार असाल तर

आपल्याकडे धावणारे घोडे जवळपास सगळे इथेच जन्मलेले असतात. वंशावळीची नोंद पुण्याच्या स्टड बुक प्राधिकरणाकडे होते आणि त्यासाठी शिंगराची डीएनए तपासणी व मायक्रोचिप लागते. विकत घेताना वाचकयंत्राने चिपचा क्रमांक वाचून पासपोर्टशी जुळवावा. फक्त रंगखुणांवर विश्वास ठेवू नये. वय १ जानेवारीला धरलं जातं, त्यामुळे एप्रिलात जन्मलेलं शिंगरू कागदावर जानेवारीतल्या शिंगराएवढंच, अंगाने मात्र तीन महिने मागे. दोन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यतीत हे दिसतं.

मालकी क्लबकडे नोंदवावी लागते. धावणाऱ्या घोड्याची नोंद प्राण्यांच्या खेळांबाबतच्या २००१च्या नियमांखाली प्राणी कल्याण मंडळाकडेही लागते आणि चाबूक हवेची गादी असलेलाच चालतो. घोडा एका राज्यातून दुसऱ्यात न्यायचा तर आरोग्य प्रमाणपत्र लागतं. ग्लँडर्स हा आजार माणसाला होतो आणि त्यावर घोड्याला उपचार करत नाहीत, दोषी निघाला तर घोडा मारावा लागतो. त्यामुळे एका तबेल्यातल्या संशयानेही हालचालींवर बंदी येऊ शकते. हंगामाच्या आठवडाभर आधी प्रमाणपत्राची धावपळ करणाऱ्यांचे घोडे यातच अडकतात.

आयकराच्या दोन वेगळ्या वाटा आहेत, त्या एकत्र करू नयेत. पैजेतल्या कमाईवर सरळ ३० टक्के आणि वर सेस, कुठलाही खर्च वजा होत नाही, हरलेल्या तिकिटांची रद्दी दाखवून उपयोग नाही. एका व्यवहारात १०,००० रुपयांपुढची कमाई झाली तर कर तिथेच कापला जातो. ही मर्यादा व्यवहारागणिक मोजण्याची पद्धत १ एप्रिल २०२५पासूनची आहे. घोडे पाळून शर्यतीत धाववण्याच्या व्यवसायात मात्र खर्च धरता येतो. तोटा झाला तर तो फक्त त्याच व्यवसायाच्या उत्पन्नातून वजा होतो, चार वर्षं पुढे नेता येतो आणि त्यासाठी त्या वर्षी घोडा ठेवलेला असावा लागतो. घोडा विकून मोकळे झालात तर जुना तोटा बुडाला. आयकराचा नवा कायदा १ एप्रिल २०२६पासूनचा आहे, जुन्या कायद्यातल्या कलमांचे क्रमांक त्यात तेच नाहीत.

जमीन

शर्यतींना सरकारकडून मिळणारा खरा आधार शोधायचा तर तो जमिनीच्या भाड्यात सापडेल. महालक्ष्मीची जागा १९१४च्या ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर होती, तो २०१३मध्ये संपला. २०२४मध्ये २११ एकरांपैकी ९१ एकर क्लबकडे ठेवून १२० एकरांवर सार्वजनिक उद्यान करण्याचं ठरलं. पुण्यातली जागा लष्कराची, तिथे राज्य सरकारचा शब्द चालत नाही.

भाडेपट्टा वाचताना मुदत आणि भाडं तर पाहावंच, पण ‘वापर’ या कलमावर जास्त वेळ द्यावा: लग्नसमारंभ, मैफली, प्रदर्शनं यांना परवानगी कुणाची लागते आणि त्यांच्या उत्पन्नात जमीनमालकाचा वाटा किती. कमिशन आटत चालल्यावर क्लब याच उत्पन्नाकडे वळतो. क्लबच्या वार्षिक हिशोबातली ही ओळ टोटच्या कमिशनच्या ओळीशेजारी मांडून पाच वर्षांचे आकडे पाहावेत. शर्यतींचा पैसा अजून शर्यतींतूनच येतोय की हिरवळीच्या भाड्यातून, ते त्या दोन रकान्यांत दिसतं.